मागच्या दाराने नको

वेल्स हा एके काळचा कोळसा खाणींचा मुलूख. तिथले खाणेही मजुरांचेच. भाच्याकडे गेलो असता स्वान्सीच्या बाजारात आम्ही लेव्हर खाल्ले. हे समुद्री शेवाळ तासन्‌तास शिजवून काळपट गोळा करतात, ओटच्या पिठात घोळून तळतात. सोबत तिसऱ्यांसारखे कॉकल. पेनक्लॉडच्या बाया ते वाळूतून वेचून, गाढवांवर लादून आणीत. आई म्हणाली, "मीठ बरं हाय, मिरची कुठं हाय?"

आईला चाकांच्या खुर्चीतून न्यावे लागे. एका उपाहारगृहाला तीन पायऱ्या. मालक नम्रपणे म्हणाला, मागून, स्वयंपाकघराच्या दाराने या. माणूस वाईट नव्हता. पण मागच्या दाराचा अर्थ आमच्या आईला सांगावा लागत नाही. ती नको म्हणाली. तिथल्या २०१० च्या समता कायद्याने अपंग गिऱ्हाइकाची वाजवी सोय करणे बंधनकारक आहे. एक उतरती फळीसुद्धा पुरते!

पुढच्या साध्या खानावळीला पायरीच नव्हती. मेंढीचे मटण, बटाटे, लीकची पात घातलेला काउल नावाचा रस्सा आईने सर्वांबरोबर टेबलाशी बसून दोनदा घेतला. वाचकांपैकी कोणी म्हाताऱ्यांना घेऊन तिकडे गेल्यास आधी फोन करावा: पायऱ्या किती, शौचालयाचे दार किती रुंद. जेवणाचे मागाहून विचारावे.