तिसरा नंबर गेला कुठे?

आमच्या बँकेत ठेवी गोळा करण्याची स्पर्धा झाली. बक्षिसं तीन, तिसरं मिक्सर. कॉम्प्युटरनं काढलेल्या पहिल्या यादीत अव्वल कोण, तर सहा महिने रजेवर असलेले गृहस्थ! त्यांच्या नावापुढचा रकाना कोराच. ओरॅकल काय, पोस्टग्रेस काय, उतरत्या क्रमात कोऱ्या रकान्याला सर्वांत वर बसवतात. 'नल्स लास्ट' असं बजावलं तरच तो खाली उतरतो. काहीही न करता वर जाणारा माणूस मी तोवर फक्त बढतीच्या यादीत पाहिला होता.

दुरुस्त यादी आली. नंबर एक, दोन, दोन आणि एकदम चार! चौथे आमचे हेडकॅशियर. मिक्सर घरी कबूल करून बसलेले.

"अरे, तीन नंबर खाल्ला कोणी?"

कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, हा 'रँक'. दोघं दुसरे आले की तिसरी खुर्ची त्यांच्यातच जाते. 'डेन्स रँक' लावला तर तुम्ही तिसरे."

"मग लाव की!"

"आणि 'रो नंबर' लावला तर बरोबरीच नाही. पण बरोबरी कशी सोडवायची ते सांगितलं नाही, तर त्या दोघांत आज हा वर, उद्या तो."

"म्हणजे बदल्यांसारखंच," काका म्हणाले.

साहेबांनी 'डेन्स'चा हिशेब केला. बक्षीसपात्र चार, मंजुरी तिनाची. सर्क्युलरात तर 'पहिले तीन', एवढंच. तीन माणसं की तीन क्रमांक? झोनल ऑफिसला दोन पत्रं गेली आहेत. मिक्सर स्टेशनरीच्या कपाटात आहे, किल्ली हेडकॅशियरांकडे.