लिहून झालं का?

डेअरीत भांडणं होतात ती दोन आकड्यांवरून, लिटर आणि फॅट. आमच्या भागात, बेळगाव तालुक्यातल्या खेड्यांत, पावसाळ्यात तिसरं कारण येतं: लाईट. किटली काट्यावर, आकडा स्क्रीनवर, आणि तेवढ्यात लाईट जाते. परत येते तेव्हा काटा शून्यावर आणि दूध केव्हाच कॅनमध्ये ओतलेलं. मग "साडेचार होतं", "नाही, चार होतं". दहा दिवसांच्या बिलात अर्ध्या लिटरने कुणी श्रीमंत होत नाही, पण आपल्या दुधावर आपला शब्द चालत नाही, हे माणसाला लागतं.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही दोघांनी दुधाची नोंद ठेवणारी पेटी घेतली. माझा जोडीदार घरी कन्नड बोलतो, मी मराठी. भांडायला दोघांनाही दोन्ही येतात.

पेटीतली वही म्हणजे २४सी२५६ नावाची आठ पायांची चिप. जागा ३२,७६८ बाइट. हिला सिरीयल मेमरी म्हणतात, कारण माहिती तिच्यात एका तारेवरून एकामागे एक बिट अशी जाते. दुसरी तार नुसता ताल धरते. ही दोन तारांची रीत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली.

या चिपची शिस्त मला फार आवडते. आधी तिला हाक मारायची, ती 'ओ' देते. मग कितव्या खोलीत लिहायचं ते सांगायचं, मग एकेक बाइट द्यायचा. दर बाइटला 'ओ'. शेवटी 'संपलं' अशी खूण. आपल्याला वाटतं, लिहून झालं. खरं लिहिणं तर आता सुरू होतं! तोवर तिने सगळं नुसतं हातात धरलेलं असतं. आता ती चहूबाजूंनी बंद अशा इवल्या कप्प्यांत इलेक्ट्रॉन ढकलते किंवा त्यांतून बाहेर ओढते. कप्प्यांना दारच नाही, म्हणून वीज गेली तरी इलेक्ट्रॉन तिथेच राहतात. या कामाला तिला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात कितीही हाका मारा, ती ओ देत नाही. पुन्हा ओ दिली की समजायचं, झालं.

५ मिलिसेकंदांत आपली पापणीही लवत नाही. लाईट जायला मात्र तेवढे पुरतात. आम्ही सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. पेटी ५० मिलिअँपिअर खाते, त्या हिशेबाने ५ व्होल्टचे ४ व्हायला २० मिलिसेकंद मिळतात. हातातली नोंद तेवढ्यात पुरी होते. प्रत्येक नोंद १६ बाइटची, शेवटच्या बाइटमध्ये आधीच्यांची बेरीज. बेरीज जुळली नाही तर नोंद अर्धवट. आणि स्क्रीनवर 'नोंद झाली' ही अक्षरं चिपने ओ दिल्यावरच उमटतात. दूध कॅनमध्ये ओतायचं ते त्यानंतर. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टमध्ये कामाची गोष्ट हीच, बाकी सोल्डरिंग.

आकड्यांचं निभलं, मग नावं आली. "नावं इंग्रजीत टाका, जागा वाचेल," असं आम्हाला सांगण्यात आलं. हिशेब केला. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला ३ बाइट. 'पांडुरंग पाटील' म्हणजे ४० बाइट; रोमन लिपीत १५. त्यात या चिपचं पान ६४ बाइटचं. एका दमात त्याहून जास्त लिहायला गेलात तर ती पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला येऊन आधीचं पुसून लिहिते. समजा 'ज्ञानेश्वर कृष्णाजी सूर्यवंशी' असं नाव आलं, ८३ बाइट. आडनावाचं शेपूट ज्ञानेश्वरांच्या डोक्यावर! तुकडे करून लिहिता येतं, पण जागा लागायची ती लागतेच.

मग मित्राला इस्की आठवलं. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये मानक म्हणून ठरलेली जुनी संकेतपद्धत. तिच्यात अक्षराला एकच बाइट. पांडुरंग पाटील १४ बाइटमध्ये बसले, रोमनपेक्षा एक कमीच. सूर्यवंशींना २९ पुरले. माणशी ३२ बाइट ठेवले, साठ जणांचे १,९२० झाले, आणि उरलेल्या जागेत दोन वेळच्या दुधाच्या १६ दिवसांच्या नोंदी राहतात. बिल दहा दिवसांनी, म्हणजे पुष्कळ झालं.

इस्कीची खरी गंमत वेगळीच. मराठी 'प'चा आणि कन्नड 'प'चा बाइट एकच. चिपमध्ये पांडुरंग ना मराठी ना कन्नड. स्क्रीनवर काढताना ज्या अक्षरांचा साचा लावाल त्या अक्षरांत तो दिसतो. आम्ही पेटीला एक बटण जास्तीचं बसवलं. दाबलं की लिपी बदलते, आत एक बिटही हलत नाही. बेळगावात पाट्यांच्या लिपीवरून काय काय होतं ते सांगायला नको. त्यामुळे बटण कुठल्या बाजूला दाबलेलं ठेवायचं यावर आम्ही दोघांनी मुद्दाम काही ठरवलेलं नाही.

एक गुंता मात्र निघाला. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे. चेन्नव्वा या नावातला ए ऱ्हस्व. मराठीत मात्रा एकच, त्यामुळे मी यादी भरली तर कन्नड अक्षरांत तो दीर्घ उमटतो आणि मित्राच्या कानाला खुपतो. इस्कीत ऱ्हस्व ए चा वेगळा बाइट आहे, पण तो कुठे घालायचा हे नाव ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून आता कागदावरची यादी बाजूला ठेवून आम्ही दोघं संध्याकाळी डेअरीच्या कट्ट्यावर बसतो आणि दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला आपलं नाव मोठ्याने म्हणायला सांगतो. साठांपैकी एकवीस झालीत.