चवड्यापासून सुरू होणारा बूट

बुटाचं पहिलं चित्र बाहेरच्या बाजूने काढायचं, अशी आमच्या धंद्यात रीतच आहे. एका टोकाला टाच, दुसऱ्या टोकाला अंगठा आणि मधून वेग दाखवणारी एक लांब रेघ. दुकानाच्या फळीवर आणि जाहिरातीत गिऱ्हाइकाला हीच बाजू दिसते, म्हणून विद्यार्थी तीच काढायला शिकतात आणि स्टुडिओच्या भिंतीवरही तीच लागते. खेळाच्या बुटांची चित्रं मी वर्षानुवर्षं अशीच काढत आले. खो-खोचा बूट काढायला घेतला तेव्हा मात्र या बाजूने काही हाती लागेना. हा बूट काढायचा तर आधी चवडा काढावा लागतो, हे मैदानाच्या कडेला बसल्यावर कळलं.

खो-खो निवडायला कारण होतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारताने मिळवली. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. मोठ्या स्पर्धा आता मातीऐवजी मॅटवर होतात. पण सरावाच्या वेळी खेळाडूंच्या पायांकडे पाहावं, तर कुणाच्या पायात पळण्याचे बूट, कुणाच्या बॅडमिंटनचे, आणि मातीवर खेळणारी कितीतरी मुलं अनवाणी. पळण्याचा बूट सरळ पुढे जाणाऱ्या पायासाठी काढलेला असतो. त्याला उंच, मऊ तळ चालतो. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्स 40 मिलीमीटरपर्यंत जाडीचा तळ मान्य करते. तेवढ्या उंचीवरून खांबाला वळसा घालणं म्हणजे घोट्याशी खेळ. खो-खोचा बूट माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. या खेळाडूंसाठी तो कुणीतरी मनापासून काढायला हवा, एवढंच मला वाटत होतं.

मैदानावर मी वही आणि साधं बॉलपेन नेते. बॉलपेनवर जोर कमीजास्त केला की फिकट रेघेपासून ठाम रेघेपर्यंत सगळं एकाच टोकातून उतरतं, आणि खोडता येत नसल्यामुळे नजर कागदापेक्षा खेळावर राहते. मधल्या पाटीतल्या चौकोनांत आठ गडी आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून चवड्यावर बसलेले असतात. काही जण दोन्ही पाय समांतर ठेवतात, काही जण एक पाय मागे घेतात. टाचा उचललेल्या, बोटं पुरती वाकलेली, सगळा भार चवड्यावर. ‘खो’ कानावर पडला की त्याच अवस्थेतून उठायचं आणि पहिल्या पावलात वेग पकडायचा. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, म्हणून ते पहिलं पाऊल घसरून चालत नाही.

खांबापाशी वेगळीच तऱ्हा. हात खांबाला, अंग आत झुकलेलं. अशा वेळी बाहेरच्या पायाची आतली कड आणि आतल्या पायाची बाहेरची कड जमिनीत रुतते. वळण्याची दिशा बदलली की पायांची कामंही बदलतात. त्यामुळे या बुटाच्या दोन्ही कडांना सारखंच बळ लागतं. सूर मारला की मागच्या पायाचा अंगठ्याकडचा भाग मॅटवरून खरडत येतो. वहीत मी बूट काढतच नव्हते. बसलेला पाय, उठणारा पाय, झुकलेला पाय, खरडणारा पाय, एवढंच काढत होते. एक मुलगी सरावानंतर शेजारी येऊन वही बघायला लागली आणि म्हणाली, “ताई, पळताना बूट टोचत नाही. बसलं की टोचतो.” तिने मोजा खाली केला. घोट्याच्या पुढच्या वळकटीत, बुटाच्या जिभेची कड जिथे येते तिथे, लाल वळ उठला होता. बूट उभ्या पायावर घालून बघतात, म्हणून दुकानात हे कधी कळत नाही.

खेळाडूचा पाय नक्की कुठे अडतो ते आधी बघायचं आणि बुटाचा आकार नंतर ठरवायचा, ही वाट जुनी आहे. जपानमध्ये कोबे शहरात 1949 मध्ये कंपनी काढणाऱ्या किहाचिरो ओनित्सुकांनी बास्केटबॉलचे खेळाडू धावता धावता अचानक थांबतात आणि घसरतात हे पाहिलं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ऑक्टोपसच्या भुजांवरच्या वाट्यांसारखे खळगे असलेला तळ केला. तो तळ वेगळा दिसत होता, कारण त्याच्यावर सोपवलेलं काम वेगळं होतं. खो-खोच्या बुटालाही माझ्या मते असाच न्याय मिळायला हवा.

घरी आल्यावर खरं आरेखन सुरू झालं. ज्या पायाच्या आकारावर बूट चढवून बनवतात त्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याचा फोटो फिकट छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, म्हणजे हवेत बूट काढण्याची सवय मोडते. बहुतेक फर्मे परदेशी पायांच्या मापांवर बेतलेले असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली आणि त्यावरून ‘भ’ ही भारतीय मापपद्धती मांडली. आपले पाय तुलनेने रुंद असतात, हे त्या पाहणीतही दिसलं. म्हणून मी फर्म्याचा चवडा थोडा रुंद धरूनच कागदावर उतरले.

मग आखली ती वाकण्याची रेघ. अंगठ्याचा सांधा पुढे असतो आणि करंगळीचा मागे, त्यामुळे पाय आडवा न वाकता तिरका वाकतो. फर्म्यावर हे दोन सांधे ठिपक्यांनी मांडून जोडले की जी तिरकी रेघ मिळते, तिच्यावर माझा सगळा बूट उभा राहिला. तळाच्या खाचा तिला समांतर घेतल्या. वरच्या जाळीवर बळकटीसाठी चिकटवायची फिल्म तिच्या अलीकडे थांबवली, कारण त्या घडीवरून गेलेली फिल्म आज ना उद्या चिरतेच. लेसची भोकंही तिच्या मागेच संपवली. तळाचं रबर अंगठ्याकडून वर चढवून बोटांवर घेतलं, म्हणजे सूर मारताना रबर खरडेल, जाळी फाटणार नाही. जिभेची वरची कड आखूड आणि मऊ केली. बाहेरच्या बाजूचं चित्र मी अगदी शेवटी काढलं. तोवर बहुतेक रेघा ठरून गेल्या होत्या आणि ते चित्र जवळजवळ आपोआप उमटलं.

त्यानंतर गाठली मुंबईची ठक्कर बाप्पा कॉलनी. या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या पादत्राणं बनवणारे कारागीर आहेत. मी ज्यांच्याकडे जाते ते मास्टरजी चित्राकडे फारसं बघत नाहीत, आधी फर्मा मागून घेतात. त्यावर मास्किंग टेप एकावर एक चिकटवत त्यांनी सगळा फर्मा पांढरा केला आणि पेन माझ्या हातात दिलं. सपाट कागदावरच्या रेघा गोलाईवर पुन्हा काढायच्या होत्या. अंगठ्यापाशी वळताना रेघ आपोआप लांबते, टाचेपाशी आखडते. डोळ्याला बरोबर वाटेपर्यंत दोघांनी मिळून त्या सरकवल्या. मग त्यांनी ब्लेडने टेप मधोमध कापली, सालीसारखी सोलली आणि कार्डबोर्डवर सपाट चिकटवली. गोल बूट आडवा होऊन समोर पडला. हाच पॅटर्नचा पाया. सांध्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “इथे खालच्या तुकड्याला आठ मिलीमीटर सोडतो, नाहीतर शिलाई कशाला धरणार?” प्रत्येक रेघ म्हणजे कापाची कड, शिलाई, दुमड किंवा सांधा, यांपैकी काहीतरी असते. यांपैकी काहीच नसलेली रेघ मास्टरजींच्या टेबलावर टिकत नाही, आणि माझ्या कागदावरही तिला आता जागा नाही.

रंगसंगती आणि रेंडरिंग यानंतर. आधी राखाडी मार्करच्या तीन छटांत उजेड-सावली बसवते आणि मग टॅबलेटवर लेयर चढवते. प्रत्येक साहित्य उजेड वेगळा परतवतं. जाळी चमकत नाही, आणि तिची भोकं सगळीकडे सारखी काढली तर बूट सपाट दिसतो. कडेला वळताना ती बारीक आणि दाट होत जातात, तिथेच गोलाई दिसते. फिल्मवर उजेडाची धारदार पट्टी पडते. तळाच्या तपकिरी रबरावर उजेड पसरट आणि मंद. फोमला टोकदार कड नसते. अवघड सांध्यावर गडद सावली ओढली की चित्र झटकन देखणं होतं. मी तो सांधा मुद्दाम उजेडात ठेवते. कापड तळाला नेमकं कुठे भेटतं, रबर कुठे वर चढतं, शिलाई किती ओळींची, हे बघणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे. बुटांचे आरेखक टिंकर हॅटफिल्ड हे मूळचे वास्तुरचनाकार. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राची इमारत आपले पाईप आणि सांगाडा बाहेर मिरवते. ते पाहून त्यांनी 1987 च्या एअर मॅक्समध्ये तळातली हवेची पिशवी खिडकी ठेवून उघडी केली. बुटाचं काम लपवायचं नसतं, हा त्या बुटाचा धडा मी रेंडरिंग करताना कायम डोळ्यांपुढे ठेवते.

हा बूट अजून बाजारात नाही. तळाचा साचा धातूत कोरावा लागतो, आणि तोही प्रत्येक मापासाठी वेगळा. तो खर्च मोठा, म्हणून कारखानदार आधी खप विचारतो. खप दाखवता येत नाही तोवर खो-खोच्या वाट्याला दुसऱ्या खेळांचे बूट येत राहतात. हे चक्र तुटायची सुरुवात मला कागदावरच दिसते. धातूला हात लावण्याआधी कागदावर बदल करायला काही पैसे पडत नाहीत. आणि पायाची नेमकी हालचाल दाखवणारं, शिवता येईल असं चित्र समोर ठेवलं की कारखानदाराशी बोलणं खपापाशी अडत नाही, बुटापर्यंत पोचतं. आता मी आरेखन मांडते तेव्हा पहिल्या पानावर चवड्यावर बसलेले पाय असतात, बुटाचं चित्र नंतर येतं. डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: कबड्डी, आट्यापाट्या, खो-खो हे खेळ तुमच्या घराजवळच्या मैदानावर रोज संध्याकाळी चालतात. वही घेऊन कडेला बसा आणि आधी पाय काढा. या खेळांचे बूट आपणच काढायला हवेत.