वेदनेचा रोजमेळ

औंधमध्ये राहून सूर्यापासून लपत वावरणे ही मोठी विचित्र अवस्था आहे. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी याच गावातून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. माझ्या आजेसासऱ्यांनीही संस्थानाच्या शाळेत ते घातले होते. त्याच घरची मी सून गेली १४ वर्षे ऐन वैशाखातही लांब बाह्यांचे पोलके घालते आणि छत्रीवाचून दुकानाची पायरी उतरत नाही. मला ल्युपस आहे.

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच या आजारात आपल्या सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडांवर उलटते. दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. ल्युपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. माळावरचा लांडगा मेंढपाळाला निदान दिसतो. हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून त्याच्यावर कोणाचा विश्वासही बसत नाही.

प्रारंभी पहाटे बोटे आखडत. पोळपाटावर लाटणे फिरवताना डोळ्यांत पाणी येई. पहिल्या डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी माझ्याकडे न पाहता यजमानांना म्हटले, ‘‘संसाराचा ताण आहे, फिरायला न्या.’’ मग मी कोणालाच काही सांगेनाशी झाले. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने आणून घेत राहिले. त्यांच्या अतिवापराने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे फार उशिरा कळले.

एकदा पाहुण्यांना यमाईच्या डोंगरावर आणि तेथील वस्तुसंग्रहालयात घेऊन गेले. ऊन कडक होते. परतले तेव्हा नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेले लाल चट्टे उठले होते. साताऱ्यातील एका तरुण डॉक्टरांना ते दाखवले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘उन्हात गेल्यावर दुखणेही वाढते का?’’ दोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. रक्ताच्या विशेष तपासण्या करवून त्यांनी मला पुण्याच्या संधिवाततज्ज्ञ बाईंकडे पाठवले.

बाईंनी विचारले, ‘‘कोठे दुखते? किती वेळ?’’ मी म्हणाले, ‘‘सगळेच दुखते.’’ त्या हसल्या नाहीत. ‘‘तुमचे दुकान आहे ना? ‘सगळाच माल विकला’ असे वहीत लिहिता का?’’

त्या दिवसापासून मी एका लाल वहीत वेदनेचा रोजमेळ ठेवू लागले. वेदना शून्य ते दहांपैकी किती, सकाळचे आखडलेपण किती मिनिटे, झोप, ऊन, कामे, औषधे. तीन महिन्यांनी वही वाचताना ध्यानात आले की आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वेदनेचा आकडा हटकून चढतो. त्या दिवशी दुकानातले आणि स्वयंपाकघरातले काम एकदमच अंगावर पडत असे. मग जड कामे आठवडाभर वाटून घेतली. सकाळी कोमट पाण्याचा शेक, हलका व्यायाम, दुपारी अर्धा तास पाठ टेकणे, हे वहीनेच शिकवले. वेदना नाहीशी झाली नाही. परंतु आज अंगात किती शक्ती शिल्लक आहे, हे पाहून खर्च करता येऊ लागला.

एक चूक मात्र माझी स्वतःची. एका पर्युषणात मी अठ्ठाईचा संकल्प केला आणि कोणास न सांगता स्टेरॉइडच्या गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी भोवळ येऊन पडले. पुढे लघवीतून प्रथिने जात असल्याचे तपासणीत दिसले. बाई रागावतील या भीतीने मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी आधी अठ्ठाई म्हणजे काय ते समजून घेतले. मग सांगितले की या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर शरीर आपले संप्रेरक बनवणे कमी करते. म्हणून त्या एकाएकी थांबवल्यास जीवावर बेतू शकते. त्यानंतर सकाळचा डोस नवकारशीनंतरच्या न्याहारीबरोबर आणि संध्याकाळचा सूर्यास्तापूर्वी, असे वेळापत्रक त्यांनी स्वतः लिहून दिले. माझ्या व्रतातली वेळ त्यांनी औषधाच्या वेळेशी जुळवली, तेव्हा त्या डॉक्टरवरचा माझा विश्वास कायमचा बसला.

२०२० च्या टाळेबंदीत माझी रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी करोनावरचा उपाय समजली जाऊ लागली आणि दुकानांतून दिसेनाशी झाली. दिरांनी व्यापारातल्या ओळखी धुंडाळून कराडहून चार पट्ट्या आणवल्या. वर्षानुवर्षे माझ्या दुखण्याविषयी घरात कोणी बोलत नव्हते; त्या दिवशी सगळे घर त्या गोळ्या मोजत बसले होते.

वाचक भगिनींनो, समजून घेणारा डॉक्टर मोठ्या इस्पितळातच भेटतो असे नाही. जो प्रश्न विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो, तो आपला. त्याच्याकडे जाताना वही घेऊन जा. लघवीची आणि डोळ्यांची ठरलेली तपासणी चुकवू नका. आणि घरातली सून वा लेक ‘दुखते’ म्हणाली, तर अहवाल येण्याआधीच तिच्यावर विश्वास ठेवा.

आजची नोंद : वेदना चार, आखडलेपण वीस मिनिटे. ऊन डोंगराआड उतरू लागले आहे. चौविहाराची वेळ होण्यापूर्वी सासूबाईंची रोजची हाक आली, ‘‘गोळी घेतलीस का गं?’’