एका छातीतील दोन शेजारी

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्या घरी धाप हा शब्द परका नाही. तंबाखू झोडपताना व चाळताना उडणारा खकाणा वर्षानुवर्षे नाकातोंडात जातो. संध्याकाळी घरी यावे तर चुलीचा धूर वाट पाहात असतो. आणि घरधनी विडी ओढणारा असला तर तिच्या धुराचा वाटा साऱ्या घराला मिळतो. (या स्त्री-कामगारांवर दीपा धनराज यांनी १९८२ मध्ये एक अनुबोधपट काढला होता, ज्यांना पाहावयास मिळेल त्यांनी तो अवश्य पाहावा.) अशा घरी कोणास धाप लागली की 'दमा' असे नाव लगेच पडते आणि पंप सुरू होतो. हे नाव पुष्कळदा बरोबरही असते. पण कधी कधी ते अर्धेच असते, आणि राहिलेल्या अर्ध्याविषयी आम्ही आज वाचकांशी बोलू इच्छितो.

हृदय आणि फुप्फुसे छातीच्या पिंजऱ्यात अगदी खेटून असतात, आणि एकाचे दुखणे दुसऱ्यास भोगावे लागते. फुप्फुसांतील वायुकोश झिजले की त्यांच्या भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्याही नष्ट होतात. मग उरलेल्या वाटांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो, आणि कालांतराने पाय सुजू लागतात. उलट हृदयाची डावी बाजू थकली तर फुप्फुसांत पाणी साचते, व रोग्यास रात्री उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्या झोपावे लागते. तंबाखूचा धूर तर दोन्ही घरे एकदमच पोखरतो. तेव्हा केवळ धापेवरून दुखण्याचे मूळ सांगणे जाणत्या डॉक्टरांसही अवघड जाते.

येथे सी. टी. स्कॅन उपयोगी पडतो. या यंत्राचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्रज इंजिनियर ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत नोकरीस होता, ही मोठी मौजेची गोष्ट. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका इस्पितळात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र निघाले, आणि १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याच नावाच्या मापात पाणी शून्य व हवा उणे १०००. फुप्फुसाचा झिजलेला भाग या मापात हवेच्या जवळ जातो, म्हणून तो अधिक काळा दिसतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत साचलेला चुना १३० च्या वर जातो, म्हणून त्याचे पांढरे ठिपके उठतात. तेथेच फुप्फुसाकडे जाणारी मोठी धमनीही दिसते. ती शेजारच्या महाधमनीहून रुंद झालेली असली तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असल्याची शंका घ्यावी लागते. हे सारे एकदा श्वास रोखून धरण्याच्या अवधीत.

मग अडते कोठे? स्कॅन फुप्फुसांसाठी मागविलेला असतो, म्हणून वाचणाऱ्याचे सारे लक्ष फुप्फुसांकडेच जाते. शिरेतून औषध न देता काढलेल्या छातीच्या प्रत्येक स्कॅनमध्ये हृदयाच्या वाहिन्यांतील चुन्याची नोंद करावी, अशी शिफारस अमेरिकेतील दोन तज्ज्ञ संस्थांनी २०१६ मध्ये केली, ती याचसाठी.

गतवर्षी आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता वखारीतून निवृत्त झालेल्या एक मावशी आम्हांस म्हणाल्या, "फादर, पंप मारतोय न्हवं रोज, पर पायाची सूज काय उतरंना बघा." मुलाने ट्रंकेतून लिफाफा काढून दिला. अहवाल इंग्रजीत, घर मराठी, कचेरी कानडी आणि आजार इंग्रजी, ही आमच्या सीमाभागाची नित्याची तऱ्हा. फुप्फुसांविषयी पानभर मजकूर, आणि तळाशी एकच ओळ : हृदयाच्या वाहिन्यांत चुना, फुप्फुसाची धमनी रुंदावलेली. ती ओळ त्या घरात कोणी वाचून दाखविली नव्हती. आम्ही मुलास सांगितले, हाच लिफाफा घेऊन जा आणि या ओळीवर बोट ठेवून विचार. बेळगावच्या डॉक्टरांनी हृदयाची इको तपासणी केली. उजव्या बाजूवर ताण होताच. औषधे बदलली, सूज पुष्कळ उतरली. धाप अजून आहे, पण मावशी आता परड्यातील विहिरीपर्यंत जाऊन येतात.

स्कॅन सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. वाहिनीत नुकताच साचलेला मऊ मेद साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून चुना आढळला नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. फुप्फुसे किती हवा घेतात व सोडतात हे नळीत फुंकण्याच्या चाचणीवाचून नीट कळत नाही. शिवाय किरणांची मात्रा साध्या क्ष-किरण छायाचित्राच्या कित्येक पट असते. शेजाऱ्याने काढला म्हणून आपणही काढावा, असा हा प्रकार नव्हे.

निपाणीकरांस कोल्हापूर जवळ आणि बेळगाव दूर. फुप्फुसाचा डॉक्टर एका शहरी व हृदयाचा दुसऱ्या, असे पुष्कळ घरी चालते. दोघांनाही तीच चित्रे दाखवावीत. नुसता अहवालाचा कागद पुरत नाही, फिल्म व सी. डी. दोन्ही बरोबर असाव्यात. नवा स्कॅन सांगितला तर जुन्यावरच हृदय पाहता येईल का, असे विचारण्यास संकोच करू नये. आणि पावसाळ्यात तो लिफाफा गादीखाली ठेवू नये. ओल लागली की फिल्मा एकमेकींस चिकटतात.