अंथरूण पाहून प्रवास

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी पैशाच्या व्यवहारासाठी राखून ठेवली आहे. लग्नाचा खर्च, घराचे कर्ज, मुलीचे शिक्षण असे विषय निघाले की घरातील वडीलधारे माणूस ती हमखास उच्चारते. परंतु मोटारसायकलींवरून जथ्याने निघालेल्या लांबच्या प्रवासाला ती अक्षरशः लागू पडते. रात्री अंथरूण कोठे पडणार हे ज्यांनी आधी ठरविले नाही, त्यांची चाके दिवसा कोठवर पोहोचतील हे कोणीही सांगू शकत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण आता गोवा, वेळांकणी असे पल्ले मोटारसायकलवरून गाठू लागले आहेत. आमच्या धर्मग्रामातील मंडळींनी २०२२ च्या सप्टेंबरात लडाखला जाण्याचा बेत केला. बारा मोटारसायकली, सामानाची एक गाडी आणि मिळून सतरा माणसे. सर्वांत धाकटा बावीस वर्षांचा, सर्वांत वडील सत्तावन्न वर्षांचे एक निवृत्त बँक कर्मचारी. ते आपल्या मुलासह निघाले होते. मंडळी आमच्याकडे आशीर्वाद मागावयास आली आणि जाताना मुक्कामांची व्यवस्था आमच्या गळ्यात घालून गेली. “फादर, राहण्याखाण्याचं तेवढं तुम्ही बघा, बाकी सगळं आम्ही करतो.” बाकी म्हणजे काय उरले, असा प्रश्न आमच्या मनात आला. कारण मुक्काम ठरले की वेळ ठरते, वेळ ठरली की वेग ठरतो, आणि वेग ठरला की निम्मे अपघात टळतात.

मंडळींच्या पहिल्या आराखड्यात मनालीहून सुरुवात होती. पहिली रात्र मनालीत, दुसरी सरचूच्या तंबूंत, तिसऱ्या दिवशी लेह. कागदावर हा बेत सुटसुटीत दिसतो. रजेचा एक दिवसही वाचतो. परंतु आम्ही त्याच कागदावर गावांच्या नावांपुढे उंची लिहावयास सांगितले. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर, सरचू सुमारे ४,३००. समुद्रकाठी वाढलेले शरीर एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर नेऊन तेथे निजवावयाचे, असा त्याचा अर्थ होतो. डॉक्टर सांगतात की, ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी चालते. निजावयास मात्र खाली उतरावे. म्हणजे येथे प्रश्न रस्त्याचा नसून अंथरुणाचा आहे.

या नियमामागे आपल्या जवानांनी सोसलेले दुःख आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात आणि त्यानंतर आपले सैनिक मोठ्या संख्येने हिमालयाच्या उंचीवर धाडले गेले. तेथे शत्रूची गोळी न लागताही धडधाकट तरुण आजारी पडू लागले. कोणाचे डोके असह्य दुखे, कोणाला ओकाऱ्या होत, कोणाच्या फुप्फुसांत पाणी साचे. डॉ. इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीचा हा आजार वय पाहत नाही, पिळदार दंडही पाहत नाही. किती उंचीवर, किती घाईने गेलात, एवढेच तो पाहतो.

तेव्हा आम्ही प्रवासाची दिशाच उलटी करावयास सुचविले. मोटारसायकली रेल्वेच्या पार्सलने जम्मूपर्यंत न्याव्यात आणि तेथून श्रीनगरच्या वाटेने चढावे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, सोनमर्ग सुमारे २,७००. मग साडेतीन हजारांच्या जोझी ला खिंडीतून पलीकडे उतरून पुन्हा सुमारे २,७०० मीटरवरील कारगिलला मुक्काम. आणि त्यानंतर सुमारे ३,५०० मीटरवरील लेह. तेथे तीन रात्री. परतताना मनालीचा रस्ता, म्हणजे सरचूच्या तंबूत निजण्याची वेळ येईपर्यंत शरीराला विरळ हवेची सवय झालेली असते. दिवस दोन वाढले, खर्चही वाढला. यावर दोन संध्याकाळी वाद झाला. “पोरं जवान आहेत, फादर,” असे एक गृहस्थ म्हणाले. जवानांचाच अभ्यास आम्ही त्यांना दाखविला.

ज्यांना पुढेमागे अशी जबाबदारी घ्यावी लागेल, त्यांच्यासाठी बाकीच्या व्यवस्थेविषयीही थोडे सांगतो. मैदानी रस्त्यावर दिवसाला चारशे किलोमीटर तोडणाऱ्यांनी डोंगरात दोनशेच धरावेत, आणि दुपारी चार-साडेचारच्या सुमारास मुक्कामी असावे. दुपारनंतर बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी रस्त्यावर चढते आणि अंधारात खड्डा व सावली यांतला फरक कळत नाही. खोली ठरविताना खाटा मोजून भागत नाही. मोटारसायकली आवारात, नजरेसमोर उभ्या राहतील काय, भिजलेले हातमोजे व बूट वाळवावयास जागा आहे काय, गरम पाणी कोणत्या वेळी मिळते, पहाटे साडेपाचला चहा-नाश्ता देणारे कोणी उठते काय, हे विचारावे. एक दिवस उशीर झाला तर आगाऊ रकमेचे काय, हेही लेखी घ्यावे. एका ठिकाणी तोंडी शब्दावर विसंबलेल्या दुसऱ्या एका जथ्याला भर थंडीत रात्री नऊ वाजता दारातून परतताना आम्ही पाहिले; त्यांच्या खोल्या जास्त पैसे देणाऱ्यांना गेल्या होत्या.

इंधनाचे गणित घरीच करावे. मनालीच्या रस्त्यावर लाहौलमधील तांदी येथे पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्ध आहे. लेहकडून येताना कारूला टाकी भरता येते; त्यानंतर तांदीपर्यंतच्या सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांत पंपाचा भरवसा धरू नये. बुलेटच्या तेरा लिटरच्या टाकीला घाटात लिटरमागे पंचवीस किलोमीटर धरले, तर ती नेमकी शेवटच्या उतारावर कोरडी पडावयाची. म्हणून आम्ही गाडीमागे पाच लिटरचा डबा धरला. रेल्वेच्या पार्सलात मोटारसायकल चढविताना टाकी रिकामी करावी लागते, तेव्हा जम्मूला उतरल्यावर पहिले पेट्रोल कोण आणणार हेदेखील वहीत लिहून ठेवले. क्लचची व अॅक्सिलरेटरची तार, ट्यूब, पंक्चरचे सामान, चेनची जोडकडी, स्पार्क प्लग, फ्यूज हे सारे सामानाच्या गाडीत गेले, आणि आमच्या वाडीतला एक मेकॅनिक तिचा अर्धा मालक असल्यासारखा पुढच्या आसनावर बसला. मागे आमची जागा. ही गाडी सर्वांच्या शेवटी चालावयाची. तिच्या पुढे शेवटचा स्वार, आणि त्याला सोडून कोणीही वळण घ्यावयाचे नाही. बाहेरील राज्यांतले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर व लडाखमध्ये चालत नाही, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि मग घरी आया रात्र जागून काढतात. आम्ही चार पोस्टपेड क्रमांकांची यादी प्रत्येक घरी दिली होती.

परंतु सर्वांत महत्त्वाची तरतूद निराळीच होती. निघण्यापूर्वी आम्ही मंडळींना त्यांच्या कुटुंबीयांसह धर्मग्रामाच्या सभागृहात बोलाविले आणि एकच प्रश्न मांडला : वाटेत एकाला थांबावे लागले, तर त्याच्यासोबत कोण थांबेल? “आम्ही सगळे थांबू,” असे सर्वजण एकदम म्हणाले. सेमिनरीच्या दिवसांपासून आमचा अनुभव असा की, ज्या कामाला सगळे तयार असतात त्याला आयत्या वेळी कोणीच सापडत नाही. म्हणून प्रवासाचे टप्पे पाडले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी दोघांची नावे चिठ्ठ्या टाकून काढली. त्या टप्प्यात कोणी आजारी पडला तर ते दोघे त्याच्याजवळ राहतील. बाकीचे पुढे जातील. प्रत्येकाकडून तीन हजार रुपये राखीव निधी म्हणून घेतले आणि ज्याच्यासाठी खर्च होईल त्याच्याकडून ते परत मागावयाचे नाहीत, हेही आयाबापांच्या साक्षीने ठरले. लेहच्या टप्प्यासाठी निघालेली नावे त्या सत्तावन्न वर्षांच्या गृहस्थांची आणि त्यांच्या मुलाची होती.

आम्हां सर्वांचे लक्ष त्या गृहस्थांकडेच लागलेले असे. त्यांनी पाणी प्यायले काय, त्यांचा श्वास लागतो काय, हे जो तो पाही. आजारी पडला तो चोवीस वर्षांचा, व्यायामशाळेत घडलेला गडी. कारगिलला त्याने जेवण टाळले होते. लेहमधल्या विसाव्याच्या दिवशी तो शांतिस्तूपाच्या पायऱ्या धावत चढला. त्या रात्री डोके फुटावयास आले, पण पुढचे दिवस हुकतील या भीतीने त्याने ते लपविले. खोलीतल्या सोबत्याने पहाटे येऊन आम्हांला उठविले. इस्पितळात प्राणवायू लावला गेला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की, धोका टळला आहे. परंतु ५,३०० मीटरच्या टांगलांग लावरून हा मुलगा या खेपेस जाणार नाही. विमानाने खाली जाईल.

मंडळी अंगणात उभी होती. कोणी यादीचा उल्लेख केला नाही. तो मुलगा, ज्याचे नाव यादीत होते, मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मोरे मैदानाचा सरळ रस्ता, गाटा लूप्सची एकवीस वळणे, बारालाचा ला, अटल बोगदा, हे सारे त्याने वर्षभर नकाशावर बोटाने फिरून पाहिले होते. मग त्याने बॅग सोडविली आणि ती परत खोलीत नेली. त्याच्यामागून त्याचे वडीलही गेले. बापलेक त्या आजारी गड्याजवळ आणखी दोन रात्री राहिले, त्याला विमानाने दिल्लीस घेऊन गेले, आणि तिन्ही मोटारसायकली ट्रान्सपोर्टच्या ट्रकने मागाहून आल्या. बाकीची मंडळी पुढे निघाली. आम्हीही शेवटच्या गाडीत होतो. सरचूच्या तंबूत त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही, पण सगळे स्वस्थ निजले.

पुढे नाताळाच्या सुमारास तो मुलगा आम्हांला भेटावयास आला. आम्ही त्याची स्तुती करू लागलो, तेव्हा त्याने आम्हांला थांबविले. “फादर, यादीत नाव होतं म्हणून थांबलो. नसतं तर मी दुसऱ्या कोणाकडे तरी बघत राहिलो असतो.” त्याचे हे प्रांजळ बोलणे आम्हांला अनेक प्रवचनांहून मोलाचे वाटते. माणसाच्या ठायी दया असते. पण ती अवघडलेली असते, दुसरा पुढे होण्याची वाट पाहत असते. घरी, निवांतपणी, सर्वांच्या समक्ष घेतलेला निर्णय तिला अडचणीच्या क्षणी वाट करून देतो.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही आजवर पुष्कळ वेळा बोललो आहोत. बहुधा आपले लक्ष जखमा बांधण्यापाशी थांबते. परंतु तो मनुष्य तेथे थांबला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, रात्र त्याच्याजवळ काढली, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि जास्तीचा खर्च परतताना चुकता करण्याचे कबूल केले. मुक्काम, आगाऊ रक्कम, राखीव निधी, परतीचा दिवस! प्रीतीने हिशेबाची वही हाती घेतली तर ती तशी दिसते.

आता आपल्या धर्मग्रामांतून आणखी जथे निघतील. वाटा पूर्वीहून सुकर झाल्या आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीच्या बाजूने रोहतांगची चढण टळते. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. वाट जितकी सुकर, तितका उंचीवर पोहोचण्याचा वेग वाढतो, आणि शरीर मात्र आपल्या जुन्याच गतीने चालते. म्हणून आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच की, गाडी कोणती आणि हेल्मेट कितीचे हे विचारून झाल्यावर मुलांना आणखी दोन प्रश्न विचारा. रोज रात्री कोठे आणि किती उंचीवर निजणार? आणि कोणी मागे राहिला, तर त्याच्याजवळ कोण राहणार? दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी नावे सांगितली, तर निःशंक मनाने आशीर्वाद द्या. ‘आम्ही सगळे’ असे उत्तर आले, तर त्यांना पुन्हा एकदा वही घेऊन बसवा.