नांवगांव

कोल्हापूरच्या बाजूस नुसत्या "पाटील" या नांवावर कोणाचा शोध लागलेला आम्हीं पाहिला नाहीं. "कोणते पाटील? कुठल्या गांवचे?" हा प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं. हें व्यवहारज्ञान पन्नाशी उलटल्यावर आम्हांस एका यंत्राकडून पुनः शिकावें लागलें, त्याची ही हकीकत.

कॉलेजांतील मुलांचीं खातीं एका डिरेक्टरी सर्व्हरवर नोंदलेलीं असतात. तो ज्या एल्डॅप पद्धतीनें बोलतो, तिचे नियम प्रथम १९९३ सालीं प्रसिद्ध झाले. तींत प्रत्येक नोंदीचें पूर्ण नांव पोस्टकार्डावरील पत्त्याप्रमाणें लहानाकडून मोठ्याकडे जातें. मुक्काम अमुक, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. तसेंच आधीं व्यक्ति, मग शाखा, मग संस्था.

कॉलेज सोडून गेलेल्यांचीं खातीं बंद करण्यासाठीं आम्हीं हौसेनें एक प्रोग्रॅम लिहिला. शोध बरोबर लागे; पण सांपडलेल्या नोंदींतून आम्हीं व्यक्तीचें नांव तेवढें उचललें, आणि आमची शाखा विज्ञान, म्हणून तीच पदरची जोडून पूर्ण नांव स्वतः रचलें. गेलेली पाटील वाणिज्य शाखेची होती. तिच्याच नांवाची दुसरी विज्ञान शाखेंत शिकत होती. परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या आठवड्यांत ही दुसरी आमच्या दाराशीं येऊन उभी राहिली.

"सर, माझं नांव काढून टाकलंत कां?"

खातें घटकाभरांत पूर्ववत् झालें; आमचें मन मात्र झालें नाहीं. चूक सुधारण्यासाठीं इतर तपशिलाबरोबर पूर्ण नांवही मागून पाहिलें, तर उत्तर कोरें! तेव्हां एक तरुण सहकारी हंसून म्हणाले, "सर, पत्ता पत्राच्या आंत कशाला शोधतां? तो पाकिटावर असतो."

खरेंच होतें. प्रत्येक सांपडलेल्या नोंदीबरोबर सर्व्हर तिचें पूर्ण नांव न मागतांच धाडतो. तें तपशिलांत मोडत नाहीं. सी भाषेंत तें 'एल्डॅप-गेट-डीएन' या फंक्शननें वाचावयाचें. जावांत 'गेट-नेम' म्हटलें, तर शोध जेथून सुरू केला तेथपासूनचेंच नांव हातीं येतें. पूर्ण हवें असल्यास 'गेट-नेम-इन-नेमस्पेस' म्हणावें लागतें. सारांश, नांव वाचावें, रचूं नये.

प्रोग्रॅममधील एक ओळ बदलली, काम भागलें. पण ती मुलगी दोन वर्षें आमच्या वर्गांत पुढच्या बांकावर बसत होती, आणि तिचें गांव कोणतें, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम विचारलें.